दोघींत एक जोड

मंगळवार, ११ मार्च. न्हाणीघराचा नळ पुन्हा गळू लागला. प्लंबर उद्या येतो म्हणाला. सुनेने पडदे धुवायला काढले. टपालाने नणंदेच्या नावे आमंत्रण आलं: जुन्या टेलिफोन एक्स्चेंजची इमारत रिकामी होणार, त्याआधी येत्या रविवारी जुन्या ऑपरेटर मंडळींचं चहापान. नणंदेने ते उभ्याउभ्याच वाचलं, चष्म्याच्या घरात ठेवलं आणि चारचा चहा नको म्हणाली.

कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर सांगायच्या, दिवसाची नोंद सहा ओळींत बसली पाहिजे. बसत नसेल तर समजा की तुम्ही तक्रार लिहिताय. एरवी मी हा नियम पाळते. पण माझ्या नणंदेला सहा ओळींत बसवायचं म्हणजे तिला एकाच कानात डूल घालून समारंभाला पाठवण्यासारखं आहे. आणि खरं सांगायचं तर निम्मं आयुष्य ती तशीच वावरली. म्हणून तिच्याविषयी जरा ऐसपैस लिहिते.

माझी नणंद खोटे दागिने घालते. हे वाक्य मी मुद्दाम ठणकावून लिहिलं, कारण आमच्या घराण्यात ते नेहमी आवाज उतरवून बोललं जातं. काचेचे खडे, सोन्याचं पाणी दिलेलं पितळ, आत मेण भरलेले मोती. तेही नवे नव्हेत. जुन्या बाजारातल्या टोपल्यांतून, बंद पडलेल्या नाटक कंपनीच्या पेटीतून, घर आवरायला काढलेल्या म्हाताऱ्यांच्या खणांतून शोधून आणलेले. दूध घ्यायला खाली उतरते तेव्हाही तिच्या शालीवर ब्रोच असतो. एकदा तिला दातांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. त्यांनी ‘आ करा’ म्हटलं आणि स्वतःच आ करून तिच्या कानांकडे बघत राहिले.

माझे यजमान, म्हणजे तिचा थोरला भाऊ, तिला झुंबर म्हणायचे. “झुंबर आलं, दिवे मालवा रे, बिल कमी येईल!” ती कुठली ऐकून घेतेय? “दादा, तुझ्या बायकोचं सोनं बँकेच्या अंधारात झोपा काढतंय. माझं पितळ निदान हवा तरी खातं.” माझं सोनं खरोखरच लॉकरमध्ये होतं, आणि वसतिगृहात ठेवलेल्या मुलाला भेटायला जावं तशी मी वर्षातून एकदा त्याला बघून यायची.

यजमान गेले, नाव मात्र राहिलं. आता वरच्या खोलीत झुंबर राहते, खाली मी, मुलगा आणि सून. तिची खोली एकदा बघण्यासारखी आहे. कपाटात कपडे दोनच फळ्या. बाकी सगळीकडे अंड्यांचे ट्रे. पुठ्ठ्याच्या प्रत्येक खळग्यात कापूस, कापसावर एक दागिना. पाहुण्यांना वाटतं आम्ही कोंबड्या पाळतो. तिचे नियम कडक. दागिना सगळ्यात शेवटी अंगावर चढवायचा आणि सगळ्यात आधी उतरवायचा. अत्तराचा फवारा मारून झाला, तो वाळला, की मगच माळ. पुसायचं ते कोरड्या मऊ फडक्याने. “ही म्हातारी माणसं आहेत, वहिनी,” ती मला सांगते, “यांना वाऱ्यावर फिरवायचं, पण सर्दी होऊ द्यायची नाही.”

हा नाद तिला लागला तो नोकरीमुळे. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात त्या भोकांत खुपसून फोन जोडायच्या दोऱ्या, डोक्यावरून पट्टी आणि पट्टीच्या टोकाला डाव्या कानावर घट्ट बसणारा काळा ठोकळा. उजवा कान मोकळा, मागून सुपरवायझर बाई काय ओरडतात ते ऐकायला. आता डाव्या कानात डूल घातला की ठोकळ्याखाली तो चिमटे काढायचा. म्हणून ड्यूटीवर बसलं की सगळ्याजणी डावा डूल काढून बशीत ठेवायच्या. आठ तास उजव्या कानात एक, डावा भुंडा.

झुंबरच्या शेजारच्या खुर्चीवर एक होती. तिला सगळं एक्स्चेंज ट्रंककॉल म्हणायचं, कारण तिचा आवाज. परगावचा फोन जोडताना ती बोलली, की तारेची गरज आहे का असा प्रश्न पडावा. या दोघींचं पहिल्या महिन्यातच गूळपीठ जमलं. आणि एक दिवस जुन्या बाजारात एका टोपलीवर वाकलेल्या असताना ट्रंककॉल म्हणाली, “दोघींना मिळून एका वेळी दोनच कान आहेत. मग दोन जोड कशाला घ्यायचे? एक जोड घेऊ, एक तुला, एक मला.”

हे इतकं सोपं होतं, की बाकीच्या मुलींना आपल्याला आधी का सुचलं नाही याचाच राग आला. तेव्हापासून या दोघी जोडीने खरेदी करायच्या आणि जोड फोडून वापरायच्या. लांबून पाहिलं तर शेजारी शेजारी दोन खुर्च्या, दोन उजवे कान आणि दोन्हींत एकसारखा डूल. त्यातला हिरवा जोड सगळ्यांत लाडका. थेंबाच्या आकाराचा मोठा हिरवा खडा, वर एक छोटं पान वळलेलं. एका डुलाचं पान पुढे वळायचं, दुसऱ्याचं मागे, कारण दुसरा मुळात डाव्या कानासाठी घडवलेला. मागे बघणारं पान ट्रंककॉलचं. “मागून सुपरवायझर आली की हे पान मला सांगतं,” असं ती म्हणायची.

मग एक्स्चेंज आपोआप चालणारं झालं. बोर्ड गेले, ठोकळे गेले, आणि दोघींची वेगवेगळ्या कचेऱ्यांत बदली झाली. आता दोघींनाही दोन्ही कान मोकळे. म्हणजे जोड पुन्हा जोडणं आलं. शेवटच्या दिवशी विश्रांतीच्या खोलीत टेबलावर सगळा पसारा मांडून त्या वाटणीला बसल्या. एक जोड तू उचल, एक मी. हसतखिदळत चाललं होतं. शेवटी हिरवा राहिला, आणि दोघींचे हात एकदमच त्यावर पडले.

“माझा आहे,” झुंबर म्हणाली.

“टोपलीत कुणाला दिसला होता?” ट्रंककॉल म्हणाली.

“तुला काय करायचाय गं? तुझ्या कानात सोनं आहे की सासरचं! हे खोटं तुला कशाला?”

ट्रंककॉलचा चेहरा उतरला. तिने मागे बघणाऱ्या पानाचा डूल उचलला, पर्समध्ये टाकला आणि निघून गेली. आयुष्यात पहिल्यांदाच ती एक शब्दही न बोलता गेली. पुढे ना फोन, ना भेट. दोघींनी जन्मभर लोकांचे फोन जोडून दिले आणि एकमेकींचा नंबर एकदाही फिरवला नाही. झुंबरचा राग ओसरला तोवर लाज वाटायला लागली, आणि लाजेचं वय रागाहून जास्त असतं. हिरवा डूल तेव्हापासून ट्रेच्या कोपऱ्यातल्या खळग्यात एकटा. तिने तो कधी घातला नाही. घालणार कशी? आता दोन लागतात ना.

तर मंगळवारी ते आमंत्रण आलं. बुधवारी सकाळी झुंबर खाली आली आणि टेबलावर कापसासकट तो डूल ठेवला.

“वहिनी, मी जाणार. हा तिला देऊन टाकणार. आणि त्या दिवशी बोलले त्याची माफी मागणार. हळूच, कोपऱ्यात घेऊन.”

“आणि ती आलीच नाही तर?”

“मग संपलं. इमारत जाणार, आणि तिच्या दारात जायला मला तोंड नाही. पुन्हा कोण कुणाला चहाला बोलावणार आहे या वयात?”

तीन दिवस ती पुटपुटत हिंडत होती. जिन्यात, गच्चीत, फुलझाडांना पाणी घालताना. एक वाक्य ती घोटत होती, आणि ते तिला पसंत पडत नव्हतं. “‘मनाला लावून घेऊ नकोस’ म्हणू की ‘मनात ठेवू नकोस’?” मी म्हटलं, सरळ ‘चुकलं’ म्हण. “तू तर काही बोलूच नकोस. तुम्हा कॉन्व्हेंटच्या पोरींना सॉरी म्हणायला पहिलीत शिकवतात. आम्हाला कष्ट पडतात.”

शनिवारी सकाळी सून न्हाणीघराच्या दारात उभी. हातात वाटी, चेहरा पांढरा.

“आई, जरा येता? हे... हिरवं होतं ना?”

वाटीत साबणाचं पाणी आणि त्यात डूल. खडा राखाडी पडलेला, मधे शेवाळासारखे डाग. माझी सून गुणाची आहे. तिच्या माहेरी सगळं सोन्याचं, आणि तिथे दागिना मळला की रात्रभर कोमट साबणाच्या पाण्यात टाकायचा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासायचा, लखलखतो. आत्यांचा एवढा महत्त्वाचा दिवस, तर डूल चकचकीत करून हातात द्यावा, एवढंच बिचारीच्या मनात. झुंबरने तो शुक्रवारी रात्री टेबलावरच ठेवला होता.

झुंबर आली. वाटीत बघितलं. दोन बोटांनी डूल उचलला, उजेडात धरला.

“सोन्याला आंघोळ चालते गं,” ती म्हणाली. “याच्या खड्यामागे वर्ख असतो. आरशाला पाठ असते ना, तशी. पाणी आत शिरलं की पाठ जाते. मग नुसती काच.”

“आत्या, काही करता येणार नाही?”

“नाही.”

“मग रागवा तरी!”

“रागवून वर्ख परत येणार असता तर तुला सोडली असती का मी?”

ती वर निघून गेली. दुपारी जेवायला आली नाही. मी गुडघ्यांना समजावत जिना चढले. ती पलंगावर बसली होती, समोर सगळे ट्रे.

“मी नाही जात उद्या. काय देऊ तिला? इतकी वर्षं जपून ठेवला आणि नेमका मारून दिला? तिला वाटेल, मुद्दाम केलं.”

“तू डूल द्यायला निघाली होतीस? मला वाटलं, भेटायला.”

“वहिनी, उपदेश नको. खाली जा, नळ गळतोय.”

“नळ गळतोय तो गळू दे. उद्या तीन वाजता सून गाडी काढणार आहे. तू नाही आलीस तर मी एकटी जाईन आणि सगळ्यांना सांगेन, की झुंबर दागिना मेला म्हणून सुतक पाळतेय.”

रविवारी तीनला ती खाली उतरली. आम्ही दोघी बघतच राहिलो. कानात काही नाही, गळ्यात काही नाही, शालीला साधी पिन. हातात रुमाल, रुमालात तो डूल. मी तिला पंचावन्न वर्षं ओळखते. इतकी उघडी मी तिला कधी पाहिली नव्हती. “काही बोलू नका,” ती म्हणाली आणि मागच्या सीटवर बसली.

एक्स्चेंजचं दालन रिकामं होतं. बोर्ड उभे असायचे तिथे फरशीवर फक्त चौकोनी डाग. एकच जुना बोर्ड शोभेला ठेवलेला. कागदी कपांत चहा, वीसएक म्हाताऱ्या, आणि मधोमध चाकांच्या खुर्चीत बसलेल्या सुपरवायझर बाई. नव्वदी पार, पण नजर तीच. “मुलींनो, आवाज!” असं त्या अधूनमधून म्हणायच्या आणि सत्तरीच्या मुली दचकून गप्प व्हायच्या.

झुंबर आत शिरली तशी सगळ्याजणी गोळा झाल्या. “अगं, बरं नाही का तुला?” “कान उघडे? काय झालं, चोरी झाली?” ती हसत होती, पण डोळे दारावर. चहा झाला, फोटो झाले, एका बाईंचं लांबलचक भाषण झालं. ट्रंककॉल नाही. सून भिंतीला टेकून गुन्हेगारासारखी उभी. मी घड्याळाकडे बघायचं टाळत होते.

आणि मग जिन्यातून आवाज आला. “लिफ्ट बंद आहे का हो? की मला बघून बंद केली?”

न ओळखायला काही जागाच नव्हती. काठी टेकत एक ठेंगणी, जाडजूड बाई दारात आली. उजव्या कानात हिरवा डूल, पान मागे बघणारं. डाव्या कानामागे ऐकायचं यंत्र.

झुंबर पुढे झाली. दोघी समोरासमोर. झुंबरने घोटलेलं वाक्य अगदी हळू काढलं. मी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं.

“मी त्या दिवशी जे बोलले ते...”

“काय?”

“त्या दिवशी मी...”

“मोठ्याने बोल गं! हा कान गेला. बोर्डाने खाल्ला.”

झुंबरने आजूबाजूला पाहिलं. वीसएक म्हाताऱ्या कप हातात धरून उभ्या. कोपरा नाही, आडोसा नाही. मग तिने पाठ ताठ केली, मान किंचित उजवीकडे कलली, आणि तिच्या गळ्यातून तो जुना, गोल, खणखणीत आवाज निघाला.

“हॅलो! ऐकू येतंय का?”

“आता येतंय. बोला!”

“त्या दिवशी मी म्हणाले, तुझ्या कानात सोनं आहे, तुला हे खोटं कशाला! ते चुकलं माझं! फार चुकलं!”

ट्रंककॉलने उत्तर दिलं ते तिच्या साध्या आवाजात, म्हणजे रस्त्यापर्यंत पोचेल असं. “ते सोनं सासूबाईंचं होतं गं! रात्री कानातून काढून त्यांच्या कपाटात जायचं! माझं म्हणावं असं हे एवढंच होतं, आणि तेही तुझ्याशी अर्धं!”

“मला काय माहीत!”

“विचारलंस का कधी?”

“ऑपरेटर!” सुपरवायझर बाई खुर्चीतून कडाडल्या. “लाइनवर खासगी बोलणं नको!”

मग जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. ट्रंककॉल काठीवर रेलून हसत होती, आणि झुंबरच्या गालांवरून पाणी वाहत होतं ते कशाचं, ते मी विचारलं नाही. तिने रुमाल सोडला. “हा तुला द्यायला आणला होता, तुझा जोड पुरा व्हावा म्हणून. पण मेलाय.”

“तो मी मारला,” सून पुढे आली. “साबणाच्या पाण्यात घातला.”

“तू कोण?”

“यांच्या भाच्याची बायको.”

ट्रंककॉलने तिला आपादमस्तक पाहिलं. “रात्रभर?”

“हो.”

“मी पहिल्या वर्षी तीन माळा अशाच मारल्या. हिने महिनाभर टोमणे मारले मला. तुला किती मारले?”

“एकही नाही.”

“अगंबाई, म्हातारी झाली ही!” मग तिने आपल्या कानातला डूल काढला आणि झुंबरच्या तळहातावर ठेवला. “हा घे तू. मेलेला मला दे. मला मोतीबिंदू आहे, मला दोन्ही सारखेच. आणि मला एकच लागतो. डाव्या कानात काही घातलं की हे यंत्र शिट्ट्या मारतं.”

“मुळीच नाही! माझ्या घरात मेलाय, मीच घालणार.”

“दे म्हणते ना!”

“नाही देणार!”

आवाज पुन्हा चढले. मला वाटलं, आता मेलेल्या डुलावरून आणखी एक जन्म अबोला. पण सुपरवायझर बाईंनी टाळी वाजवली. “ड्यूटी लावा! चांगला एक आठवडा हिच्याकडे, एक आठवडा तिच्याकडे. दर बुधवारी बदली. सुरुवात नोकरीला कोण आधी लागलं तिच्यापासून.”

झुंबर आठ दिवस आधी लागली होती. बाईंपुढे कोण बोलणार? दोघींनी मान खाली घातली आणि आपापला डूल उजव्या कानात अडकवला. झुंबरच्या कानात आता मागे बघणारं पान होतं.

परत येताना गाडीत सुनेने आरशातून मागे पाहिलं. “आत्या, एकच? दुसऱ्या कानाला घरी गेल्यावर काहीतरी शोधू या?”

“एका बाईला किती लागतात?” झुंबर म्हणाली आणि खिडकीची काच खाली केली, वारा लागावा म्हणून. थोड्या वेळाने पुढे वाकून तिने सुनेच्या खांद्यावर टिचकी मारली. “आणि तू उद्या वर ये. कोरडं फडकं कसं धरायचं ते दाखवते. हात लावायचाच असेल तर नीट लाव.”

घरी आल्यावर तिने दोन कप चहा घेतला. मी डायरी उघडली. नोंद सहा ओळींत बसली, सिस्टरांना आवडली असती. पहिली आणि शेवटची ओळ अशी:

रविवार, १६ मार्च. प्लंबर आजही आला नाही. नळाखाली बादली ठेवली.
दर बुधवारी दूध अर्धा लिटर जास्त सांगितलं.